कैलासाचं वजन

कोरडेवाडीत दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी दोन वाजता देवाला बर्फ फुटायचा.

एप्रिल महिना. धाराशिव जिल्ह्यातल्या ईटच्या पुढं आठ किलोमीटरवरचं हे गाव. इथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, आणि टँकर कधी येणार हे टँकरलाही ठाऊक नसतं. गावात चाळीस फ्रिज आहेत. वीज नसते तेव्हा ती चाळीस कपाटं असतात. अशा गावात, ना पाणी ओतलं ना मशीन लावलं, आणि हवेतून बर्फ येत होता. माणसं येडी होणार नाहीत तर काय!

बर्फ पडायचा तो सरपंच आण्णासाहेबांच्या मंगल कार्यालयात. तिथं उतरलेल्या एका महाराजांनी सगळ्या खिडक्यांना निळी ताडपत्री ठोकून घेतली होती, कारण कैलासावर म्हणे असाच निळा उजेड असतो. चार कोपऱ्यांत चार कूलर, त्यांत टँकरचं पाणी. प्यायला नव्हतं, पण कूलरला होतं. मधे चौरंगावर गुडघाभर उंचीचं राखाडी धातूचं लिंग. त्याच्याभोवती चारशे माणसं दाटीवाटीनं बसलेली, घामानं एकमेकांना चिकटलेली.

"बालकांनो," महाराज माईकवर म्हणत, "विज्ञान काय सांगतं? पाणी नाही तर बर्फ नाही. मग हा बर्फ कुठून आला? अमेरिकेतले तीन शास्त्रज्ञ हे बघून रडत परत गेले. एक तर अजून रडतोय! तोंड उघडा. शिवश्वास सोडा. हाऽऽऽ!"

चारशे तोंडं उघडत. "हाऽऽऽ!"

आणि लिंगावर आधी धुरकट पापुद्रा यायचा, मग साखर भुरभुरावी तसं व्हायचं, आणि पंधरा-वीस मिनिटांत पांढराशुभ्र, केसाळ बर्फ. खालचा चौरंग ठणठणीत कोरडा. बायका पदर डोळ्याला लावायच्या. पुढच्या रांगेतल्या दोन-चार म्हाताऱ्यांना हटकून गुंगी यायची. तिला समाधी म्हणत. मग तो बर्फ चमच्यानं खरवडून प्रसाद म्हणून जिभेवर.

महाराजांचं नाव हिमेश्वर. पहिल्या दिवशी फलकावर छापणाऱ्यानं 'कैलासवासी हिमेश्वर महाराज' असं छापलं होतं. सकाळपर्यंत कुणीतरी फोटोला हार घालून उदबत्ती लावून गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं 'कैलासनिवासी' झालं.

निकिता दारात उभी होती. दर वेळी ती दारातच उभी राहायची. तिच्या हातात आईची चप्पल होती. एकच, उजव्या पायाची. डाव्या पायाच्या चपलेची आता गरज नव्हती.

त्याचं असं झालं होतं. महाराज नुसता बर्फ दाखवत नसत, उपचारही करत. पितळेची एक मुद्रा होती, रुपयाएवढी, वर त्रिशूळ. ती एका झाकणाच्या हंड्यात ठेवलेली असायची. दुखऱ्या जागी ती टेकवायची आणि एकशे आठ जप होईपर्यंत दाबून धरायची. कैलासाची शीतलता आत शिरते आणि रोग गोठतो, असं ते सांगत. धडधाकट माणूस दहाव्या जपाला "आयायी" करून उठायचा. त्याची भक्ती कमी पडली म्हणायचे. निकिताची आई कडूबाई मात्र एकशे आठ जप हूं की चूं न करता बसली. चौदा वर्षांच्या साखरेनं तिच्या तळपायाची जाणीवच गेली होती. तिला काही कळलंच नाही. महाराजांनी माईकवर सांगितलं, "ही खरी भक्ती!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी टाच काळी पडली. तीन आठवड्यांनी सोलापूरच्या दवाखान्यात पाय घोट्याच्या वरून काढला.

आणि आता महाराजांनी उजवा पाय मागितला होता. उजव्याला मुंग्या येतात, असं आईनंच त्यांना सांगितलं होतं. येत्या सोमवारी, सगळ्यांसमोर, एकशे आठ जप.

"आई, डावा गेला," निकिता त्या रात्रीच्या भाकरीवेळी म्हणाली.

"डावा तुझ्यामुळं गेला."

"माझ्यामुळं?"

"महाराजांनीच सांगितलं. घरात शंकेखोर माणूस हाय म्हणून गुण आला न्हाय. तू दारातच उभी ऱ्हातीस. आत येऊन एकदा तरी पाया पडलीस का?"

"म्हंजे मी पाया पडले न्हाय म्हणून तुझा पाय सडला."

"व्हय."

"आन् साखर साडेतीनशे व्हती, त्याचं काय न्हाय."

"साखर महाराज बघून घेत्यात," कडूबाई म्हणाली आणि चहात आणखी एक चमचा टाकला.

निकितानं पुढं वाद घातला नाही. तिनं फक्त ठरवलं, की या माणसाचं वाटोळं करायचं. समाजप्रबोधन वगैरे जमलं तर त्याच्यानंतर.

निकितानं धाराशिवच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केली होती, आणि त्या पदवीच्या जोरावर ती गावातल्या दूध संकलन केंद्रात काट्यावर बसायची. हा काटा म्हणजे कोरडेवाडीचं सुप्रीम कोर्ट. पूर्वी एक दूधवाला मापात मारायचा, तेव्हापासून गावाचा माणसावरचा विश्वास उडाला तो उडालाच; सगळा विश्वास त्या लाल आकड्यांवर येऊन बसला. भावांच्या वाटणीतली भांडी, लग्नात आलेले लाडू, वादातला बोकड, सगळं काट्यावर यायचं. काटा बोलला की भांडण संपलं. काट्याशेजारच्या बाकड्यावर सिद्धाराम अप्पा दिवसभर बसून असत. त्यांनी एकदा वर्तमानपत्र वाचण्याआधी आणि वाचल्यावर तोललं, दोन्ही वेळा वजन सारखंच आलं, म्हणून पेपर बंद केला.

गुरुवारी सकाळी महाराजांचा शिष्य बिराप्पा एसटीतून उतरला. डोक्यावर थर्माकोलचा खोका, चिकटपट्टीनं गुंडाळलेला. गावाची हवा त्यालाही लागली होती.

"ताई, जरा काटा करा. देणारा मारतो का बघायचं हाय."

"काय हाय आत?"

"देव हाय. उघडू नका."

देव बरोबर बारा किलो भरला. बिराप्पा खोका तिथंच कोपऱ्यात ठेवून भजी खायला गेला. भजी, चहा, पुन्हा भजी, मग हॉटेलातल्या टीव्हीवर एक मॅच, असं करत दोन तासांनी आला. जाताना पुन्हा काटा केला. अकरा किलो सातशे.

"तीनशे ग्राम कुठं गेलं?" बिराप्पा ओरडला. "ताई, तुमी देव काढला!"

"चिकटपट्टी बघ. तुटलीय का?"

पट्टी जशीच्या तशी होती. अप्पा उठून आले. खोका गळत नव्हता. खालची फरशी कोरडी. निकितानं खोक्याखाली हात फिरवला; एक थेंबही नाही.

"मंग काटा खोटा!"

हे वाक्य कोरडेवाडीत कुणी उच्चारत नाही. अप्पांनी काठी उचलली, आणि बिराप्पा देवाला घेऊन पळाला.

निकिता कोपऱ्यातल्या दूध थंड करायच्या टाकीकडं बघत बसली. टाकीला एक बारीक नळी आहे. मशीन चालू असलं की ती पांढरी होते. बाहेरून कुणी पाणी ओतत नाही. सगळं गाव रोज सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येतं, रोज ती नळी बघतं, आणि कुणी तिला हार घातलेला नाही. तिनं नळीजवळ तोंड नेलं आणि श्वास सोडला.

"हाऽऽऽ!"

नळीवरचा पांढरा थर केसभर जाड झाला.

"काय करतीस पोरी?" अप्पांनी विचारलं.

"समाधी लावती," निकिता म्हणाली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. ते हसू बघून अप्पा जरा सरकून बसले.

शुक्रवारी ती महाराजांकडं गेली आणि साष्टांग पालथी पडली.

"माझी शंका गेली, महाराज. पण शेजारच्या गावची लोकं लई नावं ठेवत्यात. म्हणत्यात, बर्फ कसला, चुना फासतो."

"चुना?" महाराजांच्या भुवया वर गेल्या.

"त्यांची तोंडं एकदाच बंद करू. सोमवारी देव आमच्या काट्यावर बसवा. बर्फ जसजसा येईल, तसतसा आकडा वाढंल. अख्खा तालुका व्हिडिओ काढंल. काट्यावरचा देव म्हटल्यावर आमच्याकडं कुणाची बिशाद न्हाय."

मागून बिराप्पा खोकला.

"कैलासाचं वजन!" महाराज स्वतःशीच म्हणाले. त्यांना फलक दिसत होता.

बिराप्पा जोरात खोकला. "महाराज, काटा नको. त्या काट्यावर माझं..."

"गप रे. वैद्याला दाखव तो खोकला." महाराजांनी निकिताच्या डोक्यावर हात ठेवला. "कन्ये, अर्धा किलो वाढेल. लिहून घे."

त्यांनी देव आयुष्यात कधी तोलला नव्हता. बर्फ वाढताना दिसतो म्हणजे वजन वाढणारच, एवढंच त्यांचं शास्त्र.

सोमवारी चारशेच्या जागी सातशे माणसं आली. चौरंगावर काटा, काट्यावर देव, आणि आकडे वाचायला सिद्धाराम अप्पा, धुतलेलं धोतर नेसून. पहिल्या रांगेत खुर्चीवर कडूबाई. उजवा पाय पाटावर, तळव्याला हळदकुंकू. शेजारी मुद्रेचा हंडा. बर्फ झाला की मुद्रा. निकिताजवळ वीस मिनिटं होती.

"चौदा किलो दोनशे साठ!" अप्पा गरजले.

"शिवश्वास!" महाराज गरजले. सातशे तोंडांतून हाऽऽऽ निघाला. लिंग धुरकटलं, पांढरं झालं.

"चौदा दोनशे तीस," अप्पा म्हणाले. मग चष्मा पुसला. "चौदा एकशे नव्वद."

"वाढतंय ना?" महाराजांनी डोळे मिटूनच विचारलं.

"उतरतंय."

बर्फ बोटभर जाड झाला. एवढा तर आजवर कधी आला नव्हता. आणि आकडा चौदाच्या खाली घसरला.

"आरं, देव वाढतोय आन् काटा उतरतोय!" अप्पांचा आवाज चिरकला. "तेरा नऊशे साठ!"

सभागृहात कुजबुज पसरली. महाराजांनी एक डोळा उघडला, आकडा बघितला आणि तो मिटला. पण गडी कच्चा नव्हता.

"पाप!" ते एकदम किंचाळले. "बालकांनो, तुमची पापं जळतायत! तीनशे ग्राम पाप आत्ताच्या आत्ता भस्म झालं!"

टाळ्यांचा कडकडाट. कडूबाईनं हात जोडले. महाराजांचा हात मुद्रेच्या हंड्याकडं गेला.

"महाराज, एक इचारू का?" अप्पा काट्यावरून नजर न काढता म्हणाले. "आमी बसलोय बाहीर. मंग आमची पापं देवाच्या पोटात कवा गेली?"

टाळ्या थांबल्या.

"आन् जळली तर गेली कुठनं?"

"खालनं, अप्पा," निकिता म्हणाली आणि पुढं आली. तिनं एक पेटतं निरांजन उचललं आणि लिंगाच्या बुडाशी नेलं. फुंकर न मारता ज्योत विझली. दुसरं नेलं, तेही विझलं. "हितनं. हिथं भोकं हायत."

"हात लावू नका!" महाराज ओरडले. "भस्म व्हाल!"

"एवढं एकच ते खरं बोलले," निकिता म्हणाली. तिनं गोणपाट हाताला गुंडाळलं, रोज चाळीस लिटरचे कॅन उचलायची सवय होती तसा देव उचलला आणि आडवा केला. बुडाची चकती फिरवली. आतून पांढरे, धुराळणारे खडे धडाधड परातीत पडले. तिनं पळीभर खडे पाण्याच्या बादलीत टाकले. बादली खदखदली आणि ढग फरशीवरून लोकांच्या मांडीपर्यंत लोळत आले. निम्मी माणसं उठून भिंतीला लागली.

"घाबरू नका. सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो ना, तोच हा. गोठवलेला. शून्याच्या खाली अठ्ठ्याहत्तर अंश. बाजारात कोरडा बर्फ म्हणून विकत भेटतो. हा वितळत न्हाय. मधी पाणी न होता सरळ वायू होतो आन् भोकातनं निघून जातो. म्हणून वजन घटतं आन् चौरंग कोरडा. म्हाताऱ्यांना गुंगी येती ती ह्याच वायूनं. समाधी न्हाय, गुदमरत्यात त्या. आण्णासाहेब, आधी ताडपत्री काढा."

आण्णासाहेबांनी स्वतःच्या हातानं ताडपत्री ओरबाडली. ऊन आत आलं.

"मंग वरचा बर्फ?" कुणीतरी विचारलं. "त्यो तर आमी खाल्लाय!"

"तो तुमचाच हाय. सातशे माणसांचा श्वास, घाम, चार कूलरांचं पाणी. ही सगळी वाफ हवेत असती, दिसत न्हाय. ती एवढ्या गार पत्र्याला टेकली की पत्रा तिची सगळी ऊब ओढून घेतो, आन् तिचं पाणी व्हायच्या आत बर्फ होतो. तीच ऊब आत जाती आन् आतल्या खड्यांना उडवती. बाहीर वाफेचा बर्फ, आत बर्फाचा वायू. आपल्या दुधाच्या टाकीची नळी अशीच पांढरी होती. महाराजांनी हाऽऽ करायला का लावलं? वाफ कमी पडाया नको म्हणून."

एक बाई विचार करत उभी होती. तिच्या शेजारी ईरण्णा, ज्याच्या तोंडात सकाळी तंबाखू आणि दुपारी कांदा असतो.

"म्हंजे म्या ह्या ईरण्णाचा श्वास चाटला?"

"थोडाफार."

ती बाई चूळ भरायला धावली. तिच्यामागं वीस-पंचवीस बायका. विज्ञान गावात इतक्या वेगानं कधी पसरलं नव्हतं.

पण निकिताला विज्ञान पसरवायचं नव्हतं. तिनं सांडशीनं हंड्यातली मुद्रा उचलली. हंड्यातही तेच खडे होते. मुद्रेवर बघता बघता पांढरं त्रिशूळ उमटलं.

"महाराज, हात पुढं करा."

"आम्हाला मुद्रेची गरज नाही. आम्ही निरोगी आहोत."

"एकशे आठ जप. माझी आई हूं न करता बसली व्हती. तुमी तर कैलासातले. अप्पा, मोजा."

अप्पा काट्यासारखंच निर्विकार मोजू लागले. "ॐ नमः शिवाय, एक. ॐ नमः शिवाय, दोन." हळूहळू सगळं कार्यालय जपाला लागलं. इतका एका सुरातला जप महाराजांच्या काळात एकदाही झाला नव्हता. महाराज मागं सरकत भिंतीला टेकले. बिराप्पानं दार अडवलं होतं. कुणाच्या बाजूनं, ते त्यालाच माहीत नव्हतं. निकिता सांडशी पुढं नेत होती. तिला ती टेकवायची होती. अगदी खरंच टेकवायची होती. पाच बोटं आणि एक टाच, एवढा हिशोब तिच्या डोक्यात दोन महिने गोठून होता.

"...अकरा."

मुद्रा तळहातापासून वीतभर अंतरावर आली, तेव्हा महाराजांचं सगळं शुद्ध मराठी गळून पडलं.

"ए बाई, लांब घे ती! जळंल ना हात!"

जप थांबला.

"जळंल?" कडूबाईनं विचारलं.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "म्हंजे तुमाला ठावं व्हतं?"

महाराजांनी तो हात छातीशी ओढून घेतला.

"एकशे आठ जप तुमी दाबून धरली. जळतंय हे तुमाला ठावं व्हतं. मला कळत न्हवतं, पर तुमाला ठावं व्हतं."

तिनं दोन्ही हातांनी धरून आपला उजवा पाय पाटावरून उचलला आणि लुगड्याखाली घेतला. तळव्यावरचं हळदकुंकू काठाला पुसलं गेलं.

निकितानं मुद्रा परातीत टाकली. दया आली म्हणून नव्हे. ज्या कामासाठी ती उचलली होती, ते आईनं केलं होतं.

बिराप्पानं दारातूनच सगळं सांगून टाकलं. महाराजांचं खरं नाव उमाशंकर. आधी आइस्क्रीमची गाडी चालवायचा. गाडीत हेच खडे असायचे, आणि गाडीच्या पत्र्यावर बर्फ धरायचा ते बघून त्याला साक्षात्कार झाला. "म्या सांगितलं व्हतं, काटा नको," बिराप्पा पोलिसांसमोरही हेच म्हणत होता, जणू काट्यावरच गुन्हा दाखल व्हायचा होता. गुन्हा जादूटोणाविरोधी कायद्याखाली दाखल झाला, आणि पाय गेल्याचं कलम वेगळं लागलं. पंचनाम्यात देव तोलायचा होता. पोलिसांनी तो कोरडेवाडीच्या काट्यावरच तोलला. अप्पांनी दुसरा काटा मान्य केला नसता.

आता कुणी म्हणेल, शिकलेल्या पोरीनं ओळखलं, आम्ही अडाणी काय करणार? तर यात शिक्षणाचा भाग थोडाच आहे. बर्फ धरलेली नळी सगळ्या गावाला रोज दिसत होती, खोक्याचा हलका झालेला आकडा बिराप्पालाही दिसला होता, आणि शेवटी बाबाला अडवलं ते पेपर बंद केलेल्या म्हाताऱ्याच्या साध्या प्रश्नानं. डोळे सगळ्यांनाच आहेत. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच म्हणा: बाबा, काट्यावर ठेवून दाखव, खिडक्या उघडून दाखव, आणि जे माझ्या आईच्या पायाला लावतोस, ते आधी तुझ्या हाताला लाव. यातल्या एकालाही तो नाही म्हणाला, तर पाय उचला आणि घरी या. साखर डॉक्टरला दाखवा.

कडूबाई आता रोज संध्याकाळी आरसा खाली धरून उजवा तळवा बघते. चहात साखर नसते, आणि त्याबद्दल ती रोज निकिताला शिव्या देते.

परवा तिनं विचारलं, "निके, माझी डावी चप्पल टाकलीस का गं?"

"न्हाय. ठेवलीय, कापडात गुंडाळून."

"कशाला? आता काय उपयोग तिचा?"

"पुढच्या महिन्यात तारीख हाय," निकिता म्हणाली. "कोर्टात त्याच्या पुढ्यात ठेवायचीय."

कडूबाईनं जरा विचार केला.

"पुसून ने," ती म्हणाली.